उन्हाचा कडता

गोरड मनमिळाऊ नव्हता. हे आधी लिहून टाकतो, कारण उंब्रजच्या त्या विमान शिकवायच्या शाळेत त्याच्या फोटोला हार घालून झाल्यावर संचालक माइकवर म्हणाले, "गोरडसर अत्यंत मनमिळाऊ होते. आपल्या कुटुंबातलेच एक होते. वयोमानानुसार त्यांनी स्वतःहून निवृत्ती घेतली."

या तीन वाक्यांत तीन खोट्या गोष्टी आहेत. मी उठलो, खुर्ची मागं पडली, लोकांनी बघितलं. बघू देत. संचालकांचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं की वकील लागतो आणि वकिलाशी घासाघीस करण्यात काही मजा नसते. पण गोरडबद्दल जे मला ठाऊक आहे ते मी आता लिहिणार आहे. फोटोतला माणूस बोलत नाही म्हणून त्याच्या नावावर काहीही खपवायचं, हे मी चालू देणार नाही.

सुबराव गोरड मूळचा म्हसवडचा. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. हा मात्र पोरवयात विमानदलात गेला, इंजिनांवर काम केलं, आणि निवृत्त होऊन या शाळेत आला. शाळा म्हणजे काय, हायवे सोडून आत गेलं की एक धावपट्टी, एक पत्र्याची शेड आणि धावपट्टीच्या टोकाला कालव्याचा बांध. तिथं पुण्या-मुंबईची पोरं-पोरी विमान उडवायला शिकायची. गोरड त्यांना इंजिनाची ताकद कागदावर कशी काढायची ते शिकवायचा. बुटक्या बांध्याचा, काळा, मान बैलासारखी जाड. बुटांना रोज पॉलिश. खिशात पारदर्शक पट्टी. कुणी नमस्कार केला तर तो पट्टीनंच परत करायचा, म्हणजे पट्टी कपाळापर्यंत न्यायची आणि खाली आणायची. नकार द्यायचा तर 'नाही' म्हणायचा नाही. 'नेगेटिव्ह' म्हणायचा. चहा घेणार का? नेगेटिव्ह. सुट्टीवर जाणार का? नेगेटिव्ह. बायको वारल्यावर मुलगी म्हणाली, पुण्याला आमच्याकडं चला. तिलाही नेगेटिव्ह.

माझा आणि त्याचा संबंध धंद्यातून आला. मी सांगलीत जुनी इंजिनं घेतो-विकतो. पंप, जनरेटर, ट्रॅक्टर, जे मिळेल ते. तरुणपणी गुळाच्या ढेपा पाठीवरून वाहिल्या आहेत, कुणाच्या बापाचं दुकान मला मिळालेलं नाही. शाळेला एक चार माणसांचं विमान भाड्यानं हवं होतं. दक्षिणेतल्या एका बंद पडलेल्या क्लबाचं विमान विकायला होतं. ते मी घ्यायचं आणि शाळेला भाड्यानं लावायचं, असं ठरलं. इंजिन ते इंजिन, मी म्हटलं, त्यात काय. संचालक म्हणाले, आमचे गोरडसर येतील तपासायला. आम्ही दोघं गेलो. सबंध प्रवासात हा माणूस माझ्याशी एक वाक्य बोलला : "शेट, काच वर घ्या, धूळ येतीया."

तिथं त्यानं इंजिन चालू करायला लावलं. घड्याळांवरून दोन आकडे घेतले : इंजिनाचे फेरे, आणि इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब. मग विमानाच्या पंखावरच कागद अंथरला. कागदाच्या डाव्या अंगाला समुद्रसपाटीचा आलेख, उजव्या अंगाला उंचीचा, दोन्हीकडं तिरक्या रेघांचं जाळं. मला वाटलं, कपडे बेतायचा कागद असावा.

"हे काय, मास्तर?"

"हितनं इंजिनाची ताकद निघती." त्यानं दोन्हीकडं एकेक टिंब दिलं. डावीकडचं टिंब पट्टीनं आडवं सरकवत उजव्या आलेखाच्या काठावर आणलं. "ह्ये समजा म्हसवड. त्ये तिकडचं सांगली. दोन्ही जोडली, झाला रस्ता. आता आपली येष्टी किती उंचीवर हाय, ती उभी रेघ घ्यायची. रस्त्याला जितं कापती, तितं तुमची हॉर्सपॉवर."

त्यानं आकडा सांगितला. विकणारा सांगत होता त्यापेक्षा कमी.

"आणि ह्यातनं अजून उनाचा कडता जायचा हाय," तो म्हणाला.

आता कडता हा शब्द आमच्या सांगलीच्या सौद्यातला. हळदीचं पोतं वजनावर चढलं की व्यापारी थोडं वजन कापून धरतो. ओल म्हणून, माती म्हणून, पोत्याची सुतळी म्हणून. तो कडता. शेतकरी ओरडतो, व्यापारी हसतो, हमाल मधे पडतो, आणि शेवटी कुठंतरी मिटतं. गोरडनं तो शब्द उन्हाला लावला. ऊन तापलं की हवा पातळ होते, पातळ हवेत इंजिन दमतं, तेवढी ताकद कागदावरच्या आकड्यातून वजा करायची. मला समजावं म्हणून त्यानं तो शब्द काढला, आणि मला लगेच समजलं. पुढं शाळेतली पोरंही तेच म्हणायला लागली. पण मी आज सांगतो, सांगलीच्या माणसापुढं त्यानं तो शब्द काढायला नको होता. कडता म्हटलं की आमच्या डोक्यात दुसरी गोष्ट आपोआप येते : हा कमी करून घेता येतो.

मी तिथल्या तिथं म्हणालो, "आवं मास्तर, थोडा जास्तच धरा की कडता. तेवढाच भाव पाडता यील."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी त्याच्या बुटावर थुंकलो.

"हा काय गूळ हाय?"

मी कागद उचलला आणि विकणाऱ्यापुढं नाचवला. तुझं इंजिन हे, तुझी ताकद ही, बघ. रेघा बघूनच तो गडबडला. भाव खाली आला. सौदा मस्त झाला. मी खुशीत परत आलो तर गोरड गाडीत पाठ फिरवून बसलेला.

"आता काय झालं?"

"माजा चार्ट बाजारात नेलासा."

"खरं तेच दाखवलं की!"

"खरं हुतं म्हणूनच न्हाई न्यायचं. उद्या तुमी म्हणशीला, ह्या चार्टानं भाव पडतोय. परवा कोन तरी म्हनंल, चढतोयबी. मग मी काढायचं काय? ताकद का भाव?"

कराडपर्यंत तो तसाच बसला. मी शिव्या देत गाडी चालवली. असा माणूस.

भाव करण्याशी याचं एवढं वैर का, ते मला नंतर कळलं, शेडमागच्या चहाच्या गाड्यावर. म्हसवडच्या जत्रेच्या बाजारात त्याचा बाप मेंढे विकायचा. तिथं सौदा तोंडानं होत नाही. दोघांच्या हातावर टॉवेल टाकायचा आणि आतून बोटं दाबून आकडा सांगायचा. बाकीच्यांनी नुसते चेहरे बघायचे.

"आमचा बा टावेलाखाली एक बोलायचा, आईला घरी येऊन दुसरंच सांगायचा," गोरड म्हणाला. "आन्‌ तिसराच आकडा दारूच्या दुकानात. मला ल्हानपनी वाटायचं, आकडा म्हंजे टावेलाखालची चीज. विमानदलात गेलो, पयल्यांदा ह्यो कागद बघितला. उघडा. कुनीबी या, पट्टी लावा, त्येच येतंय. लय बरं वाटलं, शेट. लय बरं वाटलं."

एवढंच एक वाक्य तो माझ्यासमोर दोनदा बोलला असेल.

वर्गात तर तो राक्षस होता. पोरं म्हणायची, सर, फोनवर अ‍ॅप आहे, आकडे टाकले की उत्तर येतं. तो म्हणायचा, "आकडे कोन टाकतंय?" "आम्ही." "मग गाढवपना फोनात जातोय, एवढाच फरक." एका मुलीनं ताकद काढताना तापमान फोनमधून घेतलं. त्यानं तिला भर दुपारी धावपट्टीच्या मधोमध नेऊन उभं केलं. "फोनातलं ऊन सावलीतलं हाय, बाई. ह्ये बघ आपलं ऊन." ती रडली. तिच्या वडिलांनी संचालकांना फोन केला. गोरडनं माफी मागितली नाही. त्याच्या विद्यार्थ्यांपैकी त्याच्याबद्दल गोड बोलणारं मला कुणी भेटलं नाही. आता फोटोपुढं सगळे बोलतायत.

आता मे महिन्यातली ती दुपार.

माझं विमान शाळेत लागलं होतं आणि मला दुसरंही घ्यायचं होतं. त्यासाठी भागीदार हवे होते. हळदीचे आडते चौगुलेअण्णा आणि त्यांचे व्याही, असे दोघं तयार झाले होते. दोघंही वजनदार, पैशानंही आणि तसेही. संचालक म्हणाले, त्यांना एक चक्कर मारून आणू, कृष्णेवरून, मग बघा कसे सही करतात. सकाळी यायचे ठरलेले पाहुणे जेवण करून दुपारी आले. ऊन असं की शेडचा पत्रा वाजत होता. संचालक स्वतः उडवणार, मी शेजारी, पाहुणे मागं. चार माणसं, पेट्रोल भरलेलं.

शाळेचा नियम असा की ताकद काढून, वजन बघून, गोरडनं कागदावर सही केल्याशिवाय विमान निघायचं नाही. गोरडनं इंजिन चालवून बघितलं, पट्टी लावली, उन्हाचा कडता वजा केला. मग हातात चुन्याची फक्की घेऊन धावपट्टीवर लांबपर्यंत चालत गेला आणि दोन पांढऱ्या रेघा मारून आला. पहिली जवळ, दुसरी पार बांधाच्या तोंडाशी.

"तीन मानसं असतील तर चाक पयल्या रेघंवर जमिनीवरनं सुटंल," तो म्हणाला. "चार असतील तर दुसरीवर, मंग म्होरं बांधच. सही तिनाची करतो. एकानं उतरा."

"गोरडसर, बी प्रॅक्टिकल," संचालक म्हणाले. "अ‍ॅप ओके म्हणतंय."

"अ‍ॅपात सकाळचं ऊन हाय. बघा उघडून."

संचालकांनी उघडून बघितलं नाही.

चौगुलेअण्णा हसत पुढं आले. चांगला माणूस, पण आयुष्य सौद्यात गेलेलं. "मास्तर, तुमी कडता म्हनताय न्हवं? मग कडता म्हंजे बोलून मिटवायचा असतोय गड्या! अर्धा तुमचा, अर्धा आमचा. चला!"

सगळे हसले. मीही हसलो.

गोरड हसला नाही. "नेगेटिव्ह."

"पाव धरा."

"नेगेटिव्ह."

"आवं, पाहुण्याचा काय मान हाय का न्हाई?"

"मान हाय. ताकद न्हाई."

माझं डोकं सणकलं. माझे पाहुणे, माझं विमान, माझा धंदा, आणि हा मेंढक्या मला शिकवतोय. मी त्याच्या तोंडासमोर जाऊन उभा राहिलो, बोलणार होतो. पण चाळीसेक वर्षं मी लोकांच्या तोंडाकडं बघून पोट भरलंय. ज्याच्या हातात थोडी जागा शिल्लक असते, त्याची नजर सौद्यात एकदा तरी खाली जाते. एकदा तरी तो आवंढा गिळतो. गोरडच्या तोंडावर काहीच नव्हतं. हा माणूस भाव धरून बसला नव्हता. त्याच्याकडं द्यायला खरंच काही उरलं नव्हतं.

मी विमानाच्या दारात गेलो, माझा चष्मा सीटवरून घेतला आणि म्हणालो, "मी थांबतो. तुम्ही जावा."

संचालक वैतागले, पाहुण्यांनी टर उडवली, "शेटजी भ्याले." विमान निघालं. गोरडनं मग तीन माणसांच्या कागदावर सही केली, पण ती घ्यायला संचालक थांबलेच नाहीत.

सगळे आभाळाकडं बघत होते. गोरड जमिनीकडं बघत होता. मी त्याच्या बाजूला होतो म्हणून मीही तिकडंच बघितलं. चाक पहिल्या रेघेवर सुटलं. हातभर पुढं-मागं असेल, जास्त नाही. विमान बांधावरून आरामात गेलं, कृष्णेकडं वळलं आणि छान परत आलं.

आणि संचालक उतरले ते छाती काढूनच. "काय गोरडसर? उडालं की नाही? तुमचा कडता कुठं गेला?"

"तीनच हुती," गोरड म्हणाला.

"एका माणसानं काय फरक पडतो हो!"

मी ओरडलो. मी सांगितलं की सीट रिकामी होती, माझी होती, चाक रेघेवर सुटलं, मी डोळ्यांनी बघितलं. चौगुलेअण्णांना आत बसून बाहेरच्या रेघा काय दिसणार? ते म्हणाले, "जाऊ द्या शेट, झालं ना झकास." आणि आठवडा सरायच्या आत सांगली-कराडात गोष्ट अशी पसरली की उंब्रजच्या शाळेतला एक म्हातारा विमान उडणार नाही म्हणत होता, संचालकांनी पाहुण्यांनी भरलेलं विमान उडवून दाखवलं. भरलेलं! माझी रिकामी सीट कुणी मोजलीच नाही. अपघात झाला असता तर गोरडला कुणीतरी शहाणा म्हटलं असतं. तो झाला नाही, कारण त्याचं ऐकून मी उतरलो होतो; आणि झाला नाही म्हणून संचालकांनी त्याला नोकरीवरून काढलं. याचा राग मला त्या दिवशी जेवढा आला तेवढाच आज हे लिहिताना आहे.

मी विमान तिथून काढून घेतलं. भागीदारीही गेली. गोरडला हे सांगायला गेलो तर त्यानं आभार मानायचे? म्हणतो, "कशाला भांडलासा? तुमी माज्या चार्टामुळं उतरला न्हाई. माजं तोंड बघून उतरला. चार्ट तर तुमी बघितलाच न्हाई." मी इतका भडकलो की चहाचा ग्लास तिथंच आपटला. गाडेवाल्यानं त्याचे पैसे माझ्याकडून घेतले आणि गोरडनं त्याची बाजू घेतली.

निरोपाच्या कार्यक्रमाला मला बोलावलं नव्हतं. मी गेलो. शेडमध्ये सतरंजी, चार ओळी खुर्च्या, आणि भर उन्हाळ्यात शाल आणि नारळ. संचालकांनी भाषण केलं. गोरडसर काळजी घेणारे होते, थोडे जास्तच काळजी घेणारे, असं म्हणून त्या भरलेल्या विमानाची गोष्ट पुन्हा, हसत हसत. पोरं हसली. मी उभा राहिलो.

"खोटं! मी उतरलो होतो!"

"शेठ, आज आनंदाचा प्रसंग आहे," संचालक म्हणाले.

"शेट, खाली बसा," गोरड म्हणाला.

तो माझ्यावरच चिडला होता. मी बसलो. त्यानं शाल घडी करून टेबलावर ठेवली, "उनाळा हाय, ऱ्हाऊ द्या" म्हणाला. नारळ मात्र घेतला. सरळ शेडच्या पायरीवर गेला आणि आपटून फोडला. खोबऱ्याचे तुकडे करून पोरांच्या हातावर ठेवत सुटला. "नारळ दिलाच हाय सायबांनी, तर परसाद तरी खावा." ज्या पोरीला त्यानं उन्हात उभं केलं होतं ती हसायला लागली आणि मग तोंड फिरवून उभी राहिली. संचालकांच्या हातावर त्यानं सगळ्यात मोठा तुकडा ठेवला.

त्याला उंब्रजच्या स्टँडवर मीच सोडलं. म्हसवडकडची गाडी लागलेली होती. एक ट्रंक, एक पिशवी. मी वाटभर बोलत होतो. पेपरात देऊ, विमानवाल्या मोठ्या हापिसात तक्रार करू, चौगुलेअण्णांना साक्षीला उभं करू, मी त्या दिवशी मेलो असतो असं लिहून देतो. तो ऐकत होता का नव्हता, देव जाणे. गाडीत खिडकीशी बसला आणि एकदम म्हणाला,

"शेट, तुमचं वजन किती?"

"कशाला?"

"तवा मी नजरंनं धरलं हुतं. मेंढरू धरतोय तसं. खरं किती?"

मी सवयीनं कमी सांगितलं. तो नुसता बघत राहिला. मी खरं सांगितलं. त्यानं पिशवीतून चौपदरी घडीचा तोच आलेखाचा कागद काढला, गुडघ्यावर पसरला, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला आकडे मांडले. तोंडातलं खोबरं चघळणं थांबलं. मग कागद उलटून त्यानं पट्टी लावली.

"जास्त धरलं हुतं मी तुमाला," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"तुमी आत असता तरी बांध चुकला असता. थोडक्यात. ह्या रेघंएवढा."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. या माणसाची नोकरी गेली, माझी भागीदारी गेली, मी गावभर सांगत फिरतोय की हा नसता तर मी मेलो असतो. आणि आता, सगळं झाल्यावर, ज्याला कुणी विचारलं नाही, ज्याच्यामागं कुणी लागलं नाही, तो स्वतःच्याच विरुद्ध पट्टी लावून बसलाय. थोडं इकडं-तिकडं धरलं असतं तर मला कळलंही नसतं. मी आयुष्यात असा तोट्याचा सौदा बघितला नाही.

"हे तिथं शेडमध्ये बोलला नाहीस ते नशीब!" मी ओरडलो. अहो-जाहो सुटलं होतं. "आणि मला तरी कशाला सांगितलंस?"

"शेडमधी कुनी वजन इचारलंच न्हाई."

"म्हणजे चौघांची सही करायला हरकत नव्हती तर!"

"नेगेटिव्ह," तो म्हणाला. "रेघंवर मी मानूस ठेवत न्हाई."

कंडक्टरनं घंटी मारली. गोरडनं कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवली, पाठ टेकली. मी खिडकीच्या गजावर दोनदा थाप मारली. मला अजून पुष्कळ भांडायचं होतं. गाडी मागं घ्यायच्या आतच त्यानं डोळे मिटले होते, आणि गाडी स्टँडबाहेर जाईपर्यंत ते त्यानं उघडले नाहीत.